वाकडं रिबिट

क्षमा करायला मन मोठं लागतं म्हणतात. माझं बेताचंच आहे, आणि त्याची मला कधी अडचण झालेली नाही. ज्या माणसाने माझ्या आईला अख्ख्या समाजात "शेगडा विकणारी" करून ठेवलं, त्याला माफ करायचा विचारही माझ्या मनात आला नाही. तो माणूस माझा सख्खा काका. वडिलांचा धाकटा भाऊ, म्हणजे आईचा दीर.

शेगडा म्हणजे लोखंड पकडून ठेवायचं लोहाराचं हत्यार. मी ज्या कारखान्यात नोकरी केली तिथे त्याला लेग वाइस म्हणायचे, कारण त्याचा एक जबडा खाली लांब होत होत जमिनीपर्यंत जातो आणि त्या पायावर सगळा मार झेलतो. टेबलावरच्या साध्या वाइसवर घण घातलात तर ती फुटेल. पायाचा शेगडा मात्र घावामागून घाव खातो आणि सगळे जमिनीत सोडून देतो. माझी आई तशीच आहे असं मी लिहिणार होते, पण तिला ते आवडायचं नाही. ती सोडून देणाऱ्यांतली नाही.

आम्ही मूळचे कोकणातले. वडिलांचं लोहारकामाचं दुकान घाटकोपरला, डोंगराच्या पायथ्याशी होतं. छिन्न्या, पहारी, कोयते, विळे. वडील ऐरणीवर आणि आई समोर घण घेऊन. हातात घण नसला की ती शेगड्यात विळा धरून कानशीने दाते पाडायची. आई डावरी आणि वडिलांपेक्षा चांगली वीतभर उंच. शेगडा कोपराच्या उंचीला असला तरच काम करणाऱ्याची पाठ टिकते, आणि जुन्या कारखान्यातून आणलेला तो शेगडा आईला ठेंगणा पडायचा. म्हणून वडिलांनी त्याच्या पायाला खालून रिबिटांनी, म्हणजे रिव्हेटच्या जाड खिळ्यांनी, तुकडा जोडून तो उंच केला आणि स्वतः पायाखाली फळी घेऊन काम करू लागले. बायकोसाठी हत्यार उंच करणारा लोहार म्हणून गल्लीत त्यांची भरपूर टिंगल झाली. ते हसायचे आणि फळीवर चढायचे.

आमच्यात एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्याचा शेगडा त्याचं दुकान. लोहार गेला आणि त्याच्या बायकोने शेगडा जागेवर ठेवला, तर दुकान तिचं. कामाला कुणालाही ठेवो, तिला कुणी हलवायचं नाही. पण तिने शेगडा विकला, तर तिने आपण होऊन दुकान सोडलं असं धरतात. कागद नाही, सही नाही. शेगडा आहे की नाही, एवढंच बघायचं.

वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते. अस्थी घेऊन आई आणि मी गावी गेलो. परत येऊन दुकान उघडलं तर भाता होता, ऐरण होती, आणि शेगड्याच्या जागी खड्डा होता. तेराव्याला सगळा समाज जमला असताना काका उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, "वयनीनीच तो भंगारवाल्याक दिल्यानी. माका आधी इचारल्यानी असता तर..." मग त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. मी तो रुमाल विसरलेले नाही. निळ्या काठाचा होता.

आईने खूप सांगितलं. पण वडील गेले त्या दिवशी रडताना ती चार बायकांत म्हणाली होती, "आता ह्या लोखंडाचा मी काय करू?" तेवढं पुरलं. बाईमाणूस, दुःखात विकून बसली असेल, आता लाजते. एक वडीलधारे तर तिला समजावत होते की पोरी, कबूल कर आणि मोकळी हो. दुकान काकांकडे गेलं. वर्षाच्या आत ऐरण, भाता, सगळं काढून त्यांनी तिथे शटर आणि ग्रिलचं वेल्डिंग सुरू केलं. आयुष्यात त्यांनी भट्टी कधी पेटवली नव्हती.

दुकान गेल्याचं आईला इतकं लागलं नाही. लागलं ते खंडेनवमीचं. त्या दिवशी आमच्या समाजाच्या मंडळात सगळी हत्यारं एकत्र मांडून पूजा होते, आणि हत्यारांवर पहिलं पाणी घालायचा मान जिने घण मारलाय अशा सगळ्यांत वयस्क बाईचा. विधवा की सवाष्ण हे कुणी पाहत नाही, घण मारलाय का एवढंच पाहतात. काही वर्षांत तो मान आईकडे आला असता. मुंबईत घण मारलेल्या बायका उरल्याच होत्या किती? पण हत्यार विकणारीचं पाणी हत्याराला कसं चालेल? दर वर्षी आई नेसून-सवरून जायची, पुढे व्हायची, आणि दर वर्षी पूजेचे यजमान म्हणून काका अगदी मऊ आवाजात म्हणायचे, "वयनी, तुमी जरा मागे रवा." मग एखादी धाकटी बाई पाणी घालायची. मी आईला म्हणायचे, जातेस कशाला गं तिथे? ती म्हणायची, "मी नाय गेलंय तर तेंका वाटात, खरा आसा म्हणान."

मला विक्रोळीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी लागली आणि मी तपासनीस झाले. आलेला माल मोजायचा, खोट काढायची, नापास करायचं. हे काम माझ्या स्वभावाला इतकं मानवलं की निवृत्तीच्या दिवशी साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही गेलात की सप्लायर पेढे वाटतील." वाटले असतील. पण त्या कामाने मला एक शिकवलं. माल खोटा आहे हे आपल्याला कळून भागत नाही, समोरच्याला नाकारता येणार नाही असं दाखवावं लागतं. नुसता आरडाओरडा केला की माल पास होतो.

मी तो शेगडा शोधत राहिले. कुर्ल्याचा भंगारबाजार, साकीनाक्याच्या गल्ल्या. हल्ली जुन्या हत्यारांना शोभेच्या वस्तू म्हणून भाव आलाय. अंधेरीला एका हॉटेलात शेगड्याच्या जबड्यात मेन्यूकार्ड धरून ठेवलेलं मी पाहिलंय. एकदा कुणीतरी सांगितलं म्हणून मार्व्याहून बोटीने मनोरीला गेले. तिथल्या एका कॉटेजमध्ये शेगड्याचा दिवा केला होता. मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या, दीडशे वर्षांचा आहे. मी वाकून पाहिलं. अंगावर साच्याची उभी रेघ, पृष्ठभाग रवाळ. बोटात चावी होती तिने वाजवला, तर ठक्क. म्हणजे साच्यात ओतलेला, घडवलेला नव्हेच. घडीव लोखंड वाजतं, घुमतं. मी बाईंना म्हटलं, छान आहे हो, आणि परतीच्या बोटीत बसून स्वतःवरच चिडले. दर वेळी अशीच चिडायचे, आणि पुढचा पत्ता कळला की परत निघायचे.

आणि मग तो सापडला काकांच्याच दारात. काकांच्या मुलाने घाटकोपरला स्टीलच्या रेलिंगचं नवं शोरूम काढलं, उद्घाटनाला आम्हाला बोलावलं. दाराशीच, चकचकीत लाद्यांत रोवलेला शेगडा. अंगाला काळा ऑइलपेंट, जबडे सोनेरी, गळ्यात झेंडूची माळ. काका येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "आमच्या बापाशीचो. गावच्या साळेतलो. मुद्दाम गावासून हाडलंय." साळ म्हणजे लोहारशाळा, आणि बाप म्हणजे माझे आजोबा. त्यांचाही गावाला एक शेगडा होता हे खरं, पण तो पाहिलेलं माणूस आता कुणी उरलं नव्हतं. काकांनी हिशोब करूनच बाहेर काढला होता.

मी माळ सारखी केल्यासारखं करून जबड्याच्या डाव्या टोकावर अंगठा ठेवला. रंगाखाली खळगा होता. अंगठा त्यात बसला. लहानपणी आईचं काम चालू असताना मी तिथेच बोट घालायचे आणि ती कानशीने माझ्या बोटांवर टकटक करायची. हातातला पेढा त्या सोनेरी जबड्यावर चेचावासा वाटला. पण मी तो खाल्ला आणि छान आहे म्हटलं. सप्लायरला आधीच सावध करायचं नसतं.

घरी येऊन आईला सांगितलं. आम्ही आता सातव्या मजल्यावर राहतो. ती खिडकीशी पालेभाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. जुडी निवडून झाल्यावर म्हणाली, "कसो उभो आसा? उंच की ठेंगणो?"

मी म्हटलं, काकांच्या कोपराएवढा.

"मगे पुरल्यानी खोल," ती म्हणाली. काका ठेंगणे. आणि मग तिने मला पायाच्या जोडाची ती गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती, वडिलांना आणि तिलाच माहीत होती. ती ऐकल्यावर मी त्या रात्री फार छान झोपले.

आता तो शेगडा जमिनीतून वर आणायचा होता, आणि तोही काकांच्याच हातून. मंडळाच्या बैठकीत खंडेनवमीला जुन्या हत्यारांचे फोटो लावू या असं चाललं होतं. मी म्हटलं, फोटो कसले लावता? वस्तूच आणा. आपल्या काकांकडे तर गावचा शेगडा आहे, समाजात इतका जुना दुसरा नसेल. मधोमध उभा करू, पूर्ण, पायासकट. काकांनी नको नको म्हणत मिशांवरून हात फिरवला. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही कारखान्यातल्या. तुम्हीच तपासून चार शब्द सांगा ना लोकांना." मी म्हटलं, तुम्ही म्हणता तर सांगते.

मुलुंडचा हॉल भरला होता. लाल कापडावर घण, ऐरणी, सांडश्या, ड्रिल मशीन, कुणाच्या तरी नातवाचा लॅपटॉपसुद्धा. मधोमध लाकडी चौकटीला दोरीने बांधलेला शेगडा. काकांच्या माणसांनी लादी फोडून तो उपटला होता आणि पायाला सिमेंटचा गड्डा तसाच होता. बरं दिसत नाही म्हणून त्यावर लाल फडकं गुंडाळलं होतं. काका यजमान, शेला घेऊन उभे. आई तिसऱ्या रांगेत. पुढे बसायला गेली तेव्हा काकांचं सवयीने सांगून झालं होतं, मागे रवा.

पूजेआधी मला बोलावलं. मी पिशवीतून वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या, तारेचा ब्रश, हातोडी आणि छिन्नी काढली. पिशवीत छिन्नी घेऊन पूजेला आलेली बाई त्या हॉलमध्ये मी एकटीच असेन. लोक हसले. मीही हसले.

आधी मी कौतुक केलं, आणि मनापासून केलं. चढवल्याशिवाय पाडण्यात मजा नाही. हातोडीने जबडा वाजवला, आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. म्हटलं, ऐका, हा घडीव आहे, ओतीव नाही. दांडा फिरवून स्क्रू बाहेर काढला, आटे दाखवले. एवढ्या वर्षांनी धार शाबूत. नळीच्या आत बॅटरी मारून अध्यक्षांना पिवळी झाक दाखवली. म्हटलं, आतले आटे पितळेने झाळून बसवलेत, ही जुनी विलायती पद्धत. टाळ्या पडल्या. काका फुगत चालले होते. एकाने विचारलं, गावच्या साळेत विलायती शेगडा कुठून आला? काका म्हणाले, "तेव्हा बोटीन येयत."

मग जबड्याच्या दोन टोकांना एकेक पट्टी ठेवली आणि शेगडा आवळला. जबडे समान असतील तर दोन्ही पट्ट्या फाटतील पण सुटणार नाहीत. उजवी ओढली, फाटली. डावी ओढली, अलगद हातात आली. मी म्हटलं, डावं टोक झिजलंय. म्हणजे ह्याच्यावर वर्षानुवर्षं डाव्या हाताच्या माणसाने काम केलंय.

तिसऱ्या रांगेकडे दोन-चार माना वळल्या. काकांनाही ते दिसलं. ते पटकन म्हणाले, "बापूस डावरो होतो आमचो."

मी मान डोलावली. म्हटलं, असतील ना. आणि काका, हा पाय? आता ह्याची किंमत ठरते ती पायावरून. बरेच लोक पाय कापतात नाहीतर जोडतात. हा मूळचाच ना?

"मूळचोच! एका लोखंडाचो," काका म्हणाले. "देवासमोर सांगतंय. जोड बीड काय नाय."

देवासमोर हे त्यांनी स्वतःहून घातलं. मी मागितलं नव्हतं.

मी माईक खाली ठेवला. तसाही माझा आवाज खणखणीत आहे. म्हटलं, आई, बाबांच्या शेगड्याची खूण काय होती गं?

आई बसूनच बोलली. "तेच्या पायाक जोड आसा. खालसून एक वीत वर. दोन रिबिटा. एक सरळ, ता तुज्या बापाशीन मारलेला. एक वाकडा, ता माझा. घाव चुकलो. ते म्हणाले, रवांदे, माका तुझी सय रवात."

काका म्हणाले, "हेचो हय काय संबंध?" पण तोवर मी फडकं सोडलं होतं. छिन्नी लावून सिमेंटवर दोन घाव घातले. मी लोहाराची मुलगी आहे, माझा घाव चुकत नाही. गड्डा फुटून लाल कापडावर पडला. ब्रशने घासलं, आणि अध्यक्षांना म्हटलं, या, तुम्हीच बघा आणि तुम्हीच सांगा.

अध्यक्ष गुडघ्यावर बसले. चष्मा वर केला, खाली केला. आपल्या हाताने वीत मोजली. मग म्हणाले, "जोड आहे." थांबून म्हणाले, "दोन रिबिट आहेत. एक सरळ आहे." आणि पुढचं म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला. "एक वाकडं."

लोक उठून पुढे यायला लागले. बायका आधी आल्या. एकीने त्या वाकड्या रिबिटावर बोट फिरवलं, मग दुसरीने. काका घाम पुसत होते, आणि माणूस घाबरला की जे करतो तेच त्यांनी केलं. दुसरं खोटं बोलले. "तो मीच भंगारवाल्याकडसून सोडवून हाडललंय. वयनीन विकल्यान म्हणान. घराण्याची वस्तू. मी कोणाक बोललंय नाय, तिची अब्रू रवांदे म्हणान."

मी म्हटलं, काका, आत्ता देवासमोर हा आजोबांचा होता. एका लोखंडाचा होता.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा मोबाइलमध्ये बघत होता. त्यांनी त्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, ज्यांनी तेव्हा आईला कबूल कर म्हणून सांगितलं होतं. ते आता फार थकलेत, कान गेलेत, पण त्यांनाही कुणीतरी कानात ओरडून सांगितलं होतं. त्यांनी काकांकडे पाहून नुसती नकाराची मान हलवली.

तेव्हा मला आनंद झाला. लोक म्हणतात सूड घेतल्यावर रिकामं वाटतं, मन खंतावतं. मला तसलं काही वाटलं नाही. त्या निळ्या काठाच्या रुमालापासून साठवलेलं सगळं वसूल झाल्यासारखं वाटलं, आणि अजून थोडं मिळालं असतं तरी मी घेतलं असतं. माझ्या मनात पुढचंही तयार होतं. दुकानाचं काय, तेराव्याचं काय, सगळ्यांसमोर आईच्या पाया पडा. मी तोंड उघडलंच होतं.

पण आई उठली होती. ती तिसऱ्या रांगेतून बाहेर आली. आता ती वाकलीय. त्या शेगड्यासमोर उभी राहिली तेव्हा कळलं, वडिलांनी जो तिच्या कोपराला आणला होता तो आता तिच्या छातीशी येत होता. तिने जबड्याच्या डाव्या टोकात अंगठा घातला. सोनेरी रंगावरून नख ओढलं, खालचं लोखंड पाहिलं. रिबिटाकडे बघायला ती वाकलीसुद्धा नाही. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही.

पाण्याचा लोटा यजमानाच्या हातात असतो. तिने हात पुढे केला. काकांनी लोटा दिला. पाणी हिंदकळून त्यांच्याच पायावर सांडलं. आईने लोटा डाव्या हातात घेतला, पदर खांद्यावरून ओढून खोचला, आणि शेगड्याच्या अगदी शेजारी, जिथे यजमान उभा राहतो तिथे, काका अजून उभेच आहेत हे तिच्या लक्षात आलं.

"भावजी," ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात, "तुमी जरा मागे रवा."

काका मागे सरले. मागे खुर्च्यांची रांग होती, तरी सरले.